नाकातून की कवटी उघडून?

पिट्यूटरीजवळ गाठ आहे म्हटल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नाकातून काढणार की कवटी उघडून? प्रश्न रास्त आहे. सर्जन मंडळीही गेली सव्वाशे वर्षं याच प्रश्नावर भांडत आली आहेत, आणि या काळात पारडं दोन-तीनदा तरी इकडून तिकडे झुकलं. पण हा सगळा इतिहास चाळल्यावर माझं मत असं झालंय, की वाटेचा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा आहे. गाठ कसली आहे, ती काढायचीच आहे का, काढणाऱ्याचा हात किती चाललेला आहे आणि घरी गेल्यावर रक्तातलं सोडियम कोण तपासणार, यावर निकाल जास्त ठरतो. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या एखाद्या कामगाराच्या बाजूनं हा विषय पाहिला की ते चटकन लक्षात येतं.

आधी जागा समजून घेऊ. पिट्यूटरी, शाळेच्या पुस्तकातली पियुषिका, ही जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ग्रंथी. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळाच्या सरळ मागे, कवटीच्या तळाच्या हाडात एक खळगी आहे, तीत ती बसते. खळगीच्या खाली स्फेनॉइड नावाची हवेची पोकळी, आणि ती पोकळी नाकात उघडते. वर पातळ पडदा. पडद्याच्या वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. डाव्या-उजव्या बाजूला मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या आणि त्यांना लगटून डोळा फिरवणाऱ्या नसा. म्हणजे खालून आलात तर रस्ता मोकळा पण अरुंद, वरून आलात तर रस्ता रुंद पण वाटेत मेंदू आणि डोळ्यांच्या नसा. सगळा वाद या एका भूगोलातून निघालेला आहे.

आणि तरीही बऱ्याच जणांना यातला कुठलाच रस्ता लागत नाही. दुसऱ्याच कारणानं गेलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात साधारण दहांतल्या एकाच्या पिट्यूटरीत बारीक गाठ सापडते. त्यांना आयुष्यभर तिचा पत्ताही नसतो. डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि चार मिलिमीटरची गाठ दिसली, तर हार्मोन तपासायचे, वर्षानं पुन्हा फोटो काढायचा आणि कामाला लागायचं, एवढंच बहुतेकदा करायचं असतं. या गाठी बहुतांशी कॅन्सरच्या नसतात, हेही घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ‘ब्रेन ट्यूमर’ हा शब्द कानावर पडला की अर्धं घर रडायला लागतं आणि पुढचं कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

दुसरा मोठा गट प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या गाठींचा. बाईची पाळी थांबते, बाळ नसताना दूध येतं. पुरुषाची इच्छा कमी होते, मूल होत नाही. पुरुष हे कुणाला सांगत नाही, म्हणून त्याची गाठ सापडेपर्यंत मोठी झालेली असते. या गाठींवर कॅबरगोलीन नावाची गोळी आहे, आठवड्यातून एक-दोनदा घ्यायची. भल्या मोठ्या गाठीही तिच्यानं आकसतात, नजर सुधारते, ऑपरेशन टळतं. त्यामुळे प्रोलॅक्टिन न तपासता कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर सरळ दुसरं मत घ्यावं. तपासणीतही दोन खाचा आहेत. कुठलीही मोठी गाठ ग्रंथीचा देठ दाबते आणि प्रोलॅक्टिन थोडंफार वाढवते. शंभरच्या आतबाहेरचा आकडा पाहून तिला प्रोलॅक्टिनची गाठ समजलं, तर गोळ्या खाण्यात वर्ष जातं आणि गाठ जागची हलत नाही. याच्या उलट, प्रचंड गाठीत प्रोलॅक्टिन इतकं जास्त असतं की काही यंत्रांची मोजणीच फसते आणि आकडा साधासुधा येतो. रक्ताचा नमुना पातळ करून पुन्हा मोजला की खरा आकडा हजारांत निघतो. पॅथॉलॉजी लॅबला ‘डायल्यूट करून बघा’ असं सांगणारा डॉक्टर भेटला, तर रुग्णाची कवटी आणि नाक दोन्ही वाचतात.

ग्रोथ हार्मोनच्या गाठींचं दुखणं वेगळं. पियर मारी या फ्रेंच डॉक्टरनं १८८६ मध्ये त्या आजाराला ॲक्रोमेगाली हे नाव दिलं. हातपाय, जबडा, जीभ, नाक वर्षानुवर्षं सावकाश वाढत राहतात. अंगठी निघत नाही, दातांत फटी पडतात, घोरणं वाढतं, घाम फार येतो, साखर आणि रक्तदाब चढतो. कोल्हापुरात तर हा आजार लपायला आणखी जागा आहे: तालमीत जाणाऱ्या पोराचा पंजा रुंद झाला तर वस्ताद खूश होतो. पण चाळिशीच्या माणसाच्या पायतानाचं माप दोन नंबरांनी वाढलं, तर पायतान शिवणाऱ्यानंच त्याला डॉक्टरकडे धाडायला हवं. पैलवान ‘खली’ म्हणजे दलीपसिंग राणा याची पिट्यूटरीची गाठ २०१२ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला काढली, तेव्हा या आजाराबद्दल आपल्याकडे थोडंफार छापून आलं. मग पुन्हा सामसूम. ॲक्रोमेगालीत ऑपरेशन हाच पहिला इलाज. कॉर्टिसोल हे हार्मोन वाढवणाऱ्या गाठीच्या, म्हणजे कुशिंगच्या आजारातही तेच. त्यात गाठ इतकी बारीक असते की कधी एमआरआयवरही दिसत नाही. मग जांघेतून नळ्या घालून थेट ग्रंथीतून निघणाऱ्या शिरांतलं रक्त घेऊन, दोष पिट्यूटरीतच आहे का ते ठरवावं लागतं. महाराष्ट्रात असल्या अवघड तपासण्यांसाठी मुंबईच्या केईएमच्या एंडोक्रायनॉलॉजी विभागाकडे पाहिलं जातं.

राहिल्या हार्मोन न बनवणाऱ्या गाठी. त्या नुसत्या वाढतात आणि खालून डोळ्यांच्या नसांना ढुशी देतात. नुकसान आधी दोन्ही कडांच्या नजरेचं होतं. समोरचं स्वच्छ दिसतं, त्यामुळे चष्म्याच्या दुकानात पाटी वाचून दाखवता येते आणि नंबर बदलून मिळतो. एमआयडीसीच्या शेडमध्ये मात्र हाच माणूस बाजूनं येणाऱ्या फोर्कलिफ्टला धडकायला येतो, डोक्यावरून सरकणाऱ्या क्रेनचा हूक त्याला उशिरा दिसतो, शिफ्ट सुटल्यावर हायवेला लागताना उजवीकडचा ट्रक दिसतच नाही. सहकारी म्हणतात, लक्ष नसतं याचं. हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. रुग्णाला समोर बसवून नाकाकडे बघायला सांगायचं आणि बाजूनं बोट हलवत आत आणायचं. दोन्ही बाहेरच्या अंगांनी बोट उशिरा दिसलं तर पेरिमेट्री, म्हणजे कडांच्या नजरेची तपासणी, आणि एमआरआय. कारखान्यांत दरवर्षी होणाऱ्या आरोग्य तपासणीत पाटी वाचून घेतात, बोट हलवत नाहीत. एका मिनिटाचं काम आहे, आणि एका मिनिटासाठी नजर जाते.

आता वाटेकडे. लंडनच्या व्हिक्टर हॉर्सलीनं १८८९ मध्ये कवटी उघडून पिट्यूटरीपर्यंत पोचायचा प्रयत्न केला. त्या काळी मेंदू बाजूला सारणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये हर्मान श्लोफरनं मार्च १९०७ मध्ये खालची वाट धरली: नाक कापून एका बाजूला उलटवलं आणि मागच्या पोकळीतून गाठ गाठली. रुग्ण ऑपरेशनमधून वाचला, पण अडीच महिन्यांनी दगावला. वर केवढी गाठ शिल्लक होती ते शवविच्छेदनात कळलं. व्हिएन्नाचा ऑस्कर हिर्श हा नाकाचा डॉक्टर. त्यानं १९१० मध्ये नाक न कापता एका नाकपुडीतून, रुग्ण जागा ठेवून, टप्प्याटप्प्यानं तेच काम केलं. त्याच सुमारास अमेरिकेत हार्वी कुशिंगनं वरच्या ओठाखालून शिरायची पद्धत बसवली आणि १९१० ते १९२५ या काळात २३१ गाठी तशा काढल्या. मृत्यूचं प्रमाण ५.६ टक्के. पेनिसिलिनच्या आधीच्या काळातला हा आकडा आहे, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्याचं वजन कळतं.

आणि मग कुशिंगनंच ही वाट सोडली. डोकं उघडण्यात तो तरबेज झाला होता, वरून नजरेच्या नसा डोळ्यांसमोर मोकळ्या करता येत होत्या, खालच्या अंधाऱ्या बोगद्यात ते जमत नव्हतं. गुरूनं सोडली म्हटल्यावर जगानं सोडली. तीसेक वर्षं नाकाची वाट जवळपास मोडली, ती मोजक्या माणसांच्या हट्टानं टिकली. कुशिंगकडे शिकून गेलेला नॉर्मन डॉट एडिंबरोत खालूनच ऑपरेशनं करत राहिला. १९५६ मध्ये पॅरिसच्या जेरार गियोनं ते पाहिलं आणि परत जाऊन शेकड्यांनी केलं. गियोकडे शिकलेल्या माँट्रियलच्या ज्यूल हार्डीनं साठच्या दशकात त्यात मायक्रोस्कोप आणला. इथं खरा पालट झाला. मायक्रोस्कोपमुळे आत उजेड आला, खोली दिसू लागली, आणि निरोगी ग्रंथी जागेवर ठेवून त्यातली काही मिलिमीटरची गाठ तेवढी वेचून काढता येऊ लागली. नाकाच्या वाटेवर आज जे काही उभं आहे ते हार्डीच्या या कामावर, असं मला वाटतं. नंतरच्या दुर्बिणीची जाहिरात जास्त झाली एवढंच.

आपल्याकडे याच पन्नास-साठच्या दशकांत मेंदूशल्यचिकित्सा रुजत होती. मुंबईत तिचा पाया घालणाऱ्यांतले डॉ. राम गिंडे हे बेळगावजवळच्या बैलहोंगलचे, गायक के. जी. गिंडे यांचे भाऊ. कागलपासून बैलहोंगल तसं लांब नाही. त्या काळी इथला रुग्ण मात्र मिरजेच्या मिशन हॉस्पिटलपर्यंत गेला तर गेला, मुंबई त्याच्यासाठी परदेशच.

दुर्बीण आली १९९०च्या दशकात. फ्रान्समध्ये यांकोव्स्कीनं १९९२ मध्ये निव्वळ एंडोस्कोपनं केलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पिट्सबर्गच्या जो आणि कराऊ यांनी १९९७ मध्ये पन्नास रुग्णांची. फरक काय, हे एमआयडीसीतल्या टर्नरला चटकन समजेल. मायक्रोस्कोप बाहेर उभा राहून बोअरमध्ये सरळ बघतो. समोरचं दिसतं, आतल्या खाचा दिसत नाहीत. एंडोस्कोप हा बोअरिंग बारच्या टोकावरच डोळा बसवल्यासारखा: तो आत जातो, तीस किंवा पंचेचाळीस अंशांत वळून बघतो, आणि खळगीच्या कडेला, धमनीच्या मागे दडलेला तुकडा दाखवतो. तोटा असा की चित्र सपाट दिसतं आणि खोलीचा अंदाज हाताला शिकवावा लागतो. नाकाचा सर्जन दुर्बीण धरतो, मेंदूचा सर्जन दोन्ही हातांनी काम करतो. चार हात, दोन नाकपुड्या. दोघांची जोडी जमलेली असावी लागते, आणि ती यंत्राबरोबर विकत मिळत नाही. बारीक गाठीत मुरलेल्या हातांना मायक्रोस्कोपनंही तितकंच चांगलं यश येतं. म्हणून ‘तुमच्याकडे एंडोस्कोप आहे का’ यापेक्षा ‘वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता’ हा प्रश्न विचारावा. सर्जनला राग आला तर येऊ द्यावा.

नाकाच्या वाटेची जुनी दुखरी जागा म्हणजे गळती. तळाला भोक पाडल्यावर मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपतं आणि जंतू वर चढायचा धोका उभा राहतो. अर्जेंटिनातल्या रोसारियोच्या हदाद आणि बसागास्तेगी या सर्जनांनी नाकाच्या पडद्याचं आवरण त्याच्या धमनीसकट उचलून भोकावर पसरायची युक्ती काढली; ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या भोकांतून पाचांतल्या एकाला होणारी गळती त्यामुळे विसांतल्या एकाच्या आसपास आली. जिवंत रक्तपुरवठ्याचं ठिगळ चिकटतं, मेलेलं सुटतं, इतकी साधी गोष्ट. पण या ठिगळानंच नाकाच्या वाटेला पिट्यूटरीच्या पलीकडच्या गाठींकडे जायचा धीर दिला.

महाराष्ट्राचं या विषयातलं स्वतःचं योगदान मोठ्या गाठींबद्दलचं आहे, आणि ते गरिबीतून आलेलं आहे. केईएममध्ये येणारे रुग्ण उशिरा येत, नजर जवळपास गेल्यावर. डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी चार सेंटिमीटरहून मोठ्या गाठींच्या ११८ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं, की नुसता आकार मोजून वाट ठरवू नका, पडदे बघा. गाठ कितीही वर गेलेली दिसो, बहुतेक वेळा तिनं खळगीवरचा पडदा फाडलेला नसतो, फुगवलेला असतो. अशी गाठ खालून पोकळ करत गेलं की वरचा पडदा आपोआप खाली उतरतो आणि राहिलेला भाग हातात आणून देतो. बाजूच्या धमनीच्या कप्प्यात शिरलेली, त्या कप्प्याचं छत उचलून मेंदूच्या खाचांत घुसलेली आणि पडदाच फाडून मेंदूच्या धमन्यांभोवती पसरलेली, अशा चढत्या पायऱ्या त्यांनी मांडल्या. शेवटची पायरी खरी कठीण. केईएममधून आणखी एक इशारा आला: प्रचंड गाठ अर्धवट काढून सोडली तर उरलेला तुकडा रक्तस्रावानं सुजतो आणि रुग्ण टेबलावरून उतरल्यावर काही तासांत बिघडतो. त्यामुळे मोठ्या गाठीत थोडंसं काढून येऊ हा सावध वाटणारा बेत कधीकधी सगळ्यात धोक्याचा असतो.

मग वरून कधी जायचं? पडदा फाडून गाठ कडेला, धमनीच्या बाहेरच्या अंगाला पसरली असेल तेव्हा. गाठ घट्ट, तंतुमय असेल, खालून ओढून येत नसेल तेव्हा. कधी दोन्हीकडून, एकाच दिवशी किंवा टप्प्यांनी. पिट्यूटरीच्या पुढच्या कंगोऱ्यावर उगवणारी मेनिंजिओमा ही गाठ वादाची आहे: लहान आणि मधोमध असेल तर नाकातून तिच्या मुळावरच घाव घालता येतो, रक्तपुरवठा आधी तुटतो; पण तिनं धमनीला विळखा घातलेला असेल, तर कानशिलाकडून कवटी उघडून जाणं शहाणपणाचं. भुवईवरच्या छोट्या चिरेतून जाणं हा मधला मार्ग. कवटी उघडायची म्हटली की नातेवाईकांना ती मागासलेली पद्धत वाटते. तसं काही नाही. नाकाच्या हट्टापायी गेलेली नजर वरून गेलेल्या सर्जननं वाचवली असती, असेही रुग्ण असतात.

सगळ्यात वाईट गाठ क्रेनिओफॅरिंजिओमा. ती लहान मुलांत येते आणि मोठ्यांतही. कॅन्सर नाही, पण भूक, तहान, झोप सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसला चिकटून बसते, चुन्यासारखी कडक होते, आत तेलकट द्रव साठवते. एकेकाळी सगळी खरवडून काढणं हीच मर्दुमकी होती. पोरं वाचली, पण पुढे त्यांची भूक आवरेना, वजन शंभरीपार गेलं, शाळा सुटली. आता हायपोथॅलॅमसला धक्का लागत असेल तर तेवढा तुकडा ठेवायचा आणि त्यावर किरणोपचार द्यायचे, याकडे बहुतेकांचा कल आहे. मुलांसाठी प्रोटॉन किरणं अधिक नेमकी. खारघरच्या टाटा स्मारकाच्या केंद्रात ती सोय झाली आहे. मोठ्या माणसांतल्या एका उपप्रकारात बीआरएएफ नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. त्याला रोखणाऱ्या गोळ्यांची अमेरिकेतली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली: १६ पैकी १५ जणांच्या गाठी आकसल्या. आकडा लहान आहे, गोळ्या भयंकर महाग आहेत. तरी काही रुग्णांत तुकडा तपासायला घेऊन मागं फिरायचं आणि औषध सुरू करायचं, हा सर्जनसाठी नवा शिष्टाचार येऊ घातला आहे.

ऑपरेशननंतरचं प्रकरण दुर्लक्षित राहतं. पहिल्या दोन दिवसांत लघवीचा पूर येऊ शकतो, दिवसाला पाच-सहा लिटर. शुगरशी त्याचा काही संबंध नाही. पाणी धरून ठेवणारं हार्मोन कमी पडतं, डेस्मोप्रेसिन दिलं की आवरतं. खरा दगा त्यानंतर. चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये, बहुधा सातव्याच्या आसपास, तेच हार्मोन उलट जास्त सुटतं, शरीर पाणी साठवतं आणि सोडियम घसरतं. तोवर रुग्ण घरी आलेला असतो. डोकं दुखतं, मळमळतं, तो गुंगतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, आणि लिंबू-सरबत, नारळपाणी, ताक असा मारा सुरू होतो. फाउंड्रीतल्या माणसाला तर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची सवयच असते. याच आठवड्यात पाणी मोजून प्यायचं असतं, आणि सातव्या दिवशी कागलच्या कुठल्याही लॅबमध्ये शे-दोनशे रुपयांत होणारी सोडियमची तपासणी करायची असते. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसेल तर लिहून मागावी.

कॉर्टिसोल कमी पडलं तर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या. ताप, उलटी, अपघात झाला तर डोस दुप्पट, गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन, आणि गोळी मनानं बंद करायची नाही. ‘स्टेरॉइड वाईट असतं’ असं सांगणारा शेजारी प्रत्येक गल्लीत आहे. त्याच्या सल्ल्यानं माणसं बेशुद्ध होऊन येतात. थायरॉइडची गोळीही लागत असेल तर स्टेरॉइड आधी, थायरॉइड मागून. नाकातून स्वच्छ पाणी टपटपलं, वाकल्यावर वाढलं, घशात खारट लागलं, तर ते सर्दी समजून वाफ घेत बसू नये.

कागलचा माणूस जाणार कुठे? तासा-दोन तासांत कोल्हापूर, मिरज, बेळगाव. कारखान्यांच्या शेजारी कणेरी मठाचं सिद्धगिरी रुग्णालय आहे, तिथल्या मेंदूविभागातल्या जागेपणीच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या जिल्ह्यानं वाचलेल्या आहेत. साधी, मधोमध बसलेली गाठ जवळच, चाललेल्या हातानं काढून घेण्यात काही वावगं नाही. उलट सातव्या दिवशीचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर राहतो. कुशिंगचा आजार, मुलातला क्रेनिओफॅरिंजिओमा, दुसऱ्यांदा वाढलेली गाठ, पडदा फाडून पसरलेली प्रचंड गाठ, यांच्यासाठी मात्र पुण्या-मुंबईचं तिकीट काढावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय लागू होतं: उपचार, आणि आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भरपाई. कंत्राटी कामगारानं ठेकेदाराकडून ईएसआय नंबर घेऊन वर्गणी भरली जाते का ते आजच बघून ठेवावं, कारण पेरिमेट्रीचा कागद हातात पडल्यावर ती चौकशी करायला उशीर झालेला असतो.

ऑपरेशननंतरचा पहिला एमआरआय साधारण तीन महिन्यांनी. त्याआधीच्या फोटोत सूज आणि रक्त यांचाच गोंधळ दिसतो. हार्मोन मात्र आधी, काही आठवड्यांतच. पुढे काही वर्षं दरसाल फोटो, कारण उरलेला कण पाच-सात वर्षांनीही डोकं वर काढतो, आणि तेव्हा पुन्हा चाकू की गॅमा नाइफचे किरण हे गाठ नजरेच्या नसेपासून किती मिलिमीटर लांब आहे त्यावर ठरतं.